करड्या छटांतला सिंहगड

‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा शहर उभारण्याचा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी वाटतंच, की या कल्पित दऱ्याखोऱ्यांत रस्ते आखण्यापेक्षा आपलंच गाव इथे आणता आलं तर? ते आणता येतं. ‘उंची-नकाशा’ म्हणून ओळखली जाणारी एक फाइल खेळाच्या नकाशा-संपादकात चढवायची असते. पण ती फाइल पहिल्यांदा उघडून पाहणारा बुचकळ्यात पडतो. तिच्यात रस्ते नसतात, नावं नसतात, नद्यांच्या निळ्या रेषा नसतात. असतो तो एक करडा, धुरकट चौकोन. कुठे काळपट, कुठे पांढुरका. तो चढवला की काही क्षणांत त्यातून सिंहगड वर येतो, खडकवासल्याचं खोरं खाली बसतं आणि पलीकडच्या कोपऱ्यात पर्वती ओळखू येते.

एका सपाट चित्रात एवढा डोंगर मावतो कसा? आणि मावत असेल, तर जवळ गेल्यावर कड्याच्या जागी मऊ उतार, मुठेच्या जागी तुटक डबकी आणि सपाट पेठांमध्ये टेंगळं का दिसतात? मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. डोंगर अवकाशातून मोजला गेल्यापासून पडद्यावर उभा राहीपर्यंत त्याच्या उंचीचा आकडा पाच-सहा टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात काहीतरी बदलतं. कुठे काय बदललं हे कळलं, तर ते दुरुस्तही करता येतं.

छटा म्हणजे आकडा

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी सारख्या अंतरावर ठिपके पडतात, मग ते जोडून आकृती उभी राहते. उंची-नकाशाही ठिपक्यांचाच असतो. फरक इतकाच की इथे प्रत्येक ठिपक्याला एक आकडा चिकटलेला असतो, तो म्हणजे त्या जागेची उंची. आकडा लहान असेल तर संगणक तो ठिपका काळा दाखवतो, मोठा असेल तर पांढरा. करडा रंग ही केवळ आपल्या डोळ्यांची सोय. खेळ रंग पाहत नाही, आकडे वाचतो, प्रत्येक ठिपका तितका वर उचलतो आणि शेजारशेजारचे ठिपके जोडून जमीन तयार करतो. म्हणजे ठिपक्यावर जमीन मोजलेली असते. दोन ठिपक्यांच्या मधली जमीन जोडणाऱ्याने आखलेली असते. पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ याच फरकात आहे.

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या ‘कोलोसल ऑर्डर’ या कंपनीने २०१५ साली हा खेळ आणला. त्याच्या उंची-नकाशात आडवे १,०८१ आणि उभे १,०८१ ठिपके लागतात. दोन ठिपक्यांत १६ मीटर अंतर. १,०८१ ठिपक्यांच्या मध्ये १,०८० मोकळ्या जागा येतात, म्हणून चौकोनाची बाजू होते १७,२८० मीटर, म्हणजे सव्वासतरा किलोमीटरहून थोडी जास्त. यातच पहिला निर्णय घ्यावा लागतो. चौकोन सरळ उत्तरेकडे तोंड करून ठेवला, तर सिंहगड आणि पर्वती दोन्ही मावतात, कारण त्यांच्यातलं दक्षिणोत्तर अंतर साडेचौदा किलोमीटरच्या आसपास आहे. मुळा-मुठेचा संगम मात्र गडाच्या उत्तरेला अठरा किलोमीटरवर पडतो. संगम हवा असेल तर गड सोडावा लागेल.

आडव्या मापासारखंच उभं मापही ठरलेलं आहे. खेळात जमिनीची उंची ० ते १,०२४ मीटर. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर, म्हणजे जसाच्या तसा घेतला तर वरचा भाग छाटला जाऊन गडाचं सपाट पठार होणार. उपाय सोपा आहे. या चौकोनात साडेपाचशे मीटरच्या फारसं खाली काही नाही, तेव्हा सगळ्याच आकड्यांतून ५०० वजा करायचे. गडमाथा ८१२ मीटरवर येतो, साधारण ६४० मीटर उंचीची पर्वती १४० वर येते आणि दोघांमधला फरक तसाच राहतो. ५०० च का, थेट ५५० का नाही? खेळात समुद्राची पातळी मुळात ४० मीटरवर धरलेली असते. पेठा तिच्याही वर राहायला हव्यात, म्हणून तळाशी थोडी जागा सोडलेली बरी.

अकरा दिवसांचं मोजमाप

हे आकडे येतात कुठून? आपल्याकडच्या बहुतेक गावांसाठी त्यांचा उगम फेब्रुवारी २००० मध्ये आहे. ११ फेब्रुवारीला ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान सहा जणांना घेऊन निघालं आणि ११ दिवसांनी परतलं. यानाच्या पोटात एक रडार होतं आणि पोटातून बाजूला काढलेल्या ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकावर दुसरा अँटेना. जमिनीपासून २३३ किलोमीटरवरून यान घिरट्या घालत होतं आणि रडारच्या लहरी खाली सोडत होतं. ही ‘शटल रडार टोपोग्राफी मिशन’ नावाची मोहीम. जाणकार तिला ‘एसआरटीएम’ म्हणतात.

दोन अँटेना कशासाठी? एका अँटेनाने अंतर कळतं : लहर गेली, आदळली, परत आली, इतका वेळ लागला, म्हणजे इतकं अंतर. पण इतक्या अंतरावर डोंगराचा माथा आहे की थोडं पलीकडचं मैदान, हे एकट्या अंतरावरून सांगता येत नाही. तेच प्रतिध्वनी ६० मीटरवरच्या दुसऱ्या अँटेनालाही मिळतात आणि त्यांचा प्रवास किंचित कमी-जास्त झालेला असतो. मुख्य रडारच्या लहरीची लांबी होती ५.६ सेंटिमीटर. दोन ठिकाणी पोहोचलेल्या लहरींचे चढ-उतार एकमेकांपासून किती सरकले आहेत हे मोजलं की दोन प्रवासांतला फरक कळतो, त्यावरून लहर कोणत्या कोनातून आली ते कळतं, आणि अंतर व कोन हातात आले की त्रिकोणमितीने उंची निघते.

६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन या मोहिमेने मोजली. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांचं ताम्पेरे मात्र साडेएकसष्ट अंशांवर असल्याने पट्ट्याबाहेर राहिलं.

ही माहिती एक अंश गुणिले एक अंश अशा तुकड्यांत मिळते. तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं. पुणे आणि सिंहगड ‘एन१८ई०७३’ मध्ये आहेत : १८ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. मुंबईकरांना दोन तुकडे जोडावे लागतात, कारण १९ अंशाची रेषा परळ भागातूनच जाते. एका तुकड्यात ३,६०१ गुणिले ३,६०१ आकडे, म्हणजे जवळपास एक कोटी तीस लाख उंच्या असतात आणि तरीही फाइल पंचवीस-सव्वीस मेगाबाइटची. प्रत्येक उंची फक्त दोन बाइटमध्ये, पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली आहे.

त्या दोन बाइटमधला कोणता आधी वाचायचा हे चुकलं तर काय होतं पाहा. १,३१२ हा आकडा दोन भागांत लिहितात : ५ आणि ३२, म्हणजे ५ गुणिले २५६ अधिक ३२. प्रोग्रॅमने क्रम उलटा धरला तर तो ३२ गुणिले २५६ अधिक ५ वाचतो आणि सिंहगड ८,१९७ मीटरचा होतो. शेजारचा १,३१३ मीटरचा ठिपका ८,४५३ होतो. खऱ्या जगातला एक मीटरचा चढ २५६ मीटरचा सुळका बनतो आणि सगळा प्रदेश काट्याकुट्यांनी भरल्यागत दिसतो. फाइल खराब नसते. ती उलटी वाचलेली असते.

दुसरा प्रकार खड्ड्यांचा. सह्याद्रीतल्या अरुंद, खोल दऱ्यांत काही जागी लहरी पोहोचल्याच नाहीत किंवा परत आल्या नाहीत. अशा जागी मूळ फाइलमध्ये उणे ३२,७६८ लिहिलेलं असतं, ज्याचा अर्थ ‘इथे माप नाही’. ते तसंच खेळात गेलं तर दरीच्या मध्यात तळापर्यंत जाणारी विहीर दिसते. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ही भोकं इतर मोजमापांच्या आधारे भरलेली आहेत. डाउनलोड करताना तीच आवृत्ती घ्यावी.

मोजलेले किती, आखलेले किती

या माहितीतले ठिपके एका कोनीय सेकंदाच्या, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या अंतरावर असतात. दक्षिणोत्तर हे अंतर जवळपास ३१ मीटर. पूर्व-पश्चिम रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे पुण्याच्या अक्षांशावर तेच अंतर २९ मीटरच्या थोडं वर भरतं. खेळाला मात्र दर १६ मीटरला ठिपका हवा.

आता हिशेब करा. सव्वासतरा किलोमीटरच्या चौकोनात मोजलेले ठिपके येतात साधारण ३ लाख ३० हजार. खेळाला हवेत ११ लाख ६८ हजार. म्हणजे खेळातल्या दर साडेतीन ठिपक्यांमागे एकच मोजलेला. बाकीचे प्रोग्रॅमने आजूबाजूच्या आकड्यांवरून काढलेले. सप्टेंबर २०१४ पर्यंत अमेरिकेबाहेरच्या बहुतेक जगासाठी ९० मीटरचीच माहिती खुली होती. ती वापरली तर प्रमाण बत्तीसामागे एक इतकं घसरतं. जुने नकाशे मऊ, लोण्यासारखे वाटतात ते यामुळे.

कड्यांचं नुकसान इथेच होतं. सिंहगडाच्या कड्याचा एक ठिपका माथ्यावर पडला आणि पुढचा तीस मीटरवर, पायथ्याच्या उतारावर. मधल्या ताशीव भिंतीवर ठिपकाच नाही. प्रोग्रॅम दोन्ही आकड्यांच्या मधून सरळ उतार आखतो आणि जिथे दोर लावून चढावं लागेल तिथे खेळातला रस्ता सहज वर जातो. सपाट जागी या पद्धतीने फारसं बिघडत नाही. नुकसान होतं ते नेमकं आपल्या गडकोटांच्या देखणेपणाचं.

२०२३ साली आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ मध्ये ठिपक्यांमधलं अंतर साडेतीन मीटरवर आलं. ऐकायला छान वाटतं, पण तीस मीटरची माहिती त्यात घातली तर दर ७४ ठिपक्यांमागे एकच मोजलेला उरतो. खेळाची जाळी बारीक झाली म्हणून डोंगर बारकाईने मोजला जात नाही. ज्या देशांनी विमानातून लेसरने जमीन मोजून ती माहिती खुली केली, त्यांना या बारीक जाळीचा खरा फायदा झाला. फिनलंडने २०१२ मध्ये आपली दोन मीटरची माहिती सर्वांना मोकळी केली. अंतराळयानाच्या पट्ट्याबाहेर राहिलेलं ताम्पेरे त्यामुळे आज पुण्याहून कितीतरी तपशिलात खेळात उतरतं. आपल्याकडे ‘इस्रो’च्या ‘कार्टोसॅट-१’ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहाने दोन कॅमेऱ्यांनी, पुढे आणि मागे झुकलेल्या कोनांतून, देशाची छायाचित्रं घेतली. त्यांतून काढलेली तीस मीटरची उंची-माहिती ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते. कॅमेरे अडीच मीटरचा तपशील टिपणारे होते. त्या तोडीची उंची-माहितीही सामान्य माणसाला मोकळी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

*चौकट : दोन खेळांची मापं*

*सिटीज : स्कायलाइन्स (२०१५)* : १,०८१ × १,०८१ ठिपके, दोन ठिपक्यांत १६ मीटर, चौकोनाची बाजू १७.२८ किलोमीटर, उंची ० ते १,०२४ मीटर, १६ बिटची करडी पीएनजी किंवा रॉ फाइल.

*सिटीज : स्कायलाइन्स २ (२०२३)* : ४,०९६ × ४,०९६ ठिपके, दोन ठिपक्यांत ३.५ मीटर, शहर वसवण्याचा चौकोन १४.३३६ किलोमीटरचा. त्याभोवतीचा दूरचा देखावा वेगळ्या फाइलमधून; त्याची बाजू ५७.३४४ किलोमीटर. दोन्ही चौकोनांचा मध्य एकच असावा लागतो, नाहीतर सीमेवर डोंगर तुटतात.

*पहिल्या खेळासाठी उंचीचं सूत्र* : (खरी उंची − वजा करायची उंची) × ६४. सिंहगडासाठी (१,३१२ − ५००) × ६४ = ५१,९६८.

खऱ्या पायऱ्या, खोट्या पायऱ्या

चौकटीतल्या सूत्रात ६४ कुठून आले? १६ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला ६५,५३६ वेगवेगळ्या छटा मिळू शकतात. त्या १,०२४ मीटरवर वाटल्या तर एका मीटरच्या वाट्याला ६४ येतात. दोन छटांमध्ये जेमतेम दीड सेंटिमीटरचा फरक. पण नेहमीची चित्रं आठ बिटची असतात, तिथे छटा फक्त २५६. त्याच १,०२४ मीटरवर वाटल्यावर एक छटा चार मीटरला पडते. उंची-नकाशा फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडला आणि नकळत आठ बिटमध्ये साठवला, की सगळा प्रदेश चार-चार मीटरच्या पायऱ्यांचा होतो. नंतर तो पुन्हा १६ बिटमध्ये साठवून उपयोग नसतो. मधल्या छटा गेल्या त्या गेल्या.

कोकणाच्या वरच्या अंगाला आणि देशावर राहणाऱ्यांना इथे एक जास्तीची अडचण आहे, कारण आपले डोंगर मुळातच पायऱ्यांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून दख्खनचं पठार झालं. कठीण थराचा कडा उभा राहिला, मऊ थर झिजून त्याची माची झाली. त्यामुळे सह्याद्रीचा नकाशा पायऱ्यापायऱ्यांचा दिसला, तरी तो बिघडला आहे असं लगेच म्हणता येत नाही.

ओळखायचं कसं? खऱ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. एक थर जाड, एक पातळ. कुठे ओढ्याने कापलेला, कुठे डोंगरसोंडेवर विरून गेलेला. खोट्या पायऱ्या मोजून एकसारख्या असतात आणि जिथे दगडी थरांचा संबंध नाही, अशा नदीकाठच्या सपाट शेतातही दिसतात. शंका आली की डोंगर सोडून सपाटीकडे पाहावं. तिथे अगदी एक-एक मीटरच्या पायऱ्या दिसल्या, तर त्या मूळ माहितीतल्या आहेत, कारण ती पूर्ण मीटरमध्येच लिहिलेली आहे. अशा वेळी सपाट भागापुरता हलका हात फिरवून त्या मिटवाव्यात. सगळा नकाशा एकदम गुळगुळीत करू नये. माच्या त्याच फटक्यात जातात.

गोल पृथ्वी, चौकोनी पट

अंशांत मोजलेला चौकोन जमिनीवर चौकोन नसतो. पुण्याजवळ एक सेकंद रुंदीला २९ मीटर आणि लांबीला ३१ मीटर भरतो. म्हणून फाइल सरळ ताणून बसवली तर डोंगर पूर्व-पश्चिम थोडे फुगलेले दिसतात. फरक पाच-सहा टक्क्यांचाच असल्याने आपल्याकडे तो चटकन लक्षात येत नाही; साठ अंशांवर मात्र रुंदी निम्म्यावर येते. त्यावर इलाज म्हणजे अंशांतली माहिती आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणायची. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून प्रत्येकासाठी वेगळी मोजणी ठरवलेली आहे, तिला ‘यूटीएम’ म्हणतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला महाराष्ट्र ४३ व्या उत्तर पट्ट्यात येतो. ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रोग्रॅममध्ये हा बदल, चौकोन कापणं आणि ठिपक्यांची संख्या बसवणं, तिन्ही कामं होतात.

आता ‘समुद्रसपाटी’बद्दल. समुद्राचं पाणी सगळीकडे सारख्या पातळीत राहत नाही, कारण पृथ्वीचं वस्तुमान सारखं पसरलेलं नाही आणि गुरुत्वाकर्षण जागोजागी थोडं कमी-जास्त आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी पृथ्वीच्या गणिती आकाराच्या मानाने सुमारे १०६ मीटर खाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरही हा फरक साठेक मीटरचा. उपग्रहावरून उंची काढणारं उपकरण गणिती आकारापासून मोजतं, अंतराळयानाच्या फाइलीत मात्र समुद्राच्या पातळीनुसार दुरुस्त केलेली उंची आहे. दोन वेगळ्या उगमांची माहिती जोडताना हे पाहिलं नाही, तर जोडावर साठ मीटरची भिंत उभी राहते.

जमीन की छप्पर?

५.६ सेंटिमीटरची लहर दाट झाडीतून जमिनीपर्यंत फारशी पोहोचत नाही, पानाफांद्यांवरूनच परतते. इमारतीवर पडली तर गच्चीवरून परतते. म्हणजे यानाने जमिनीची उंची मोजली असं आपण म्हणतो, पण वरून जे पहिलं लागलं त्याची उंची त्याने मोजली. सपाट पेठांमधली टेंगळं म्हणजे वाडे आणि इमारती. त्या तीस मीटरच्या ठिपक्यांत विरघळून उंचवटे झाल्या आहेत आणि त्यांच्यावर पुन्हा खेळातल्या इमारती बांधल्या की शहर दोनदा बांधलं जातं.

इथे जुनी माहिती कधी कधी नव्यापेक्षा उपयोगी पडते. युरोपची ‘कोपर्निकस’ उंची-माहिती २०११ ते २०१५ दरम्यानच्या रडार मोजणीवर आधारलेली आहे, अधिक नेमकी आणि स्वच्छ आहे. डोंगरांसाठी मी तीच घेईन. पण बाणेर-हिंजवडीकडे तिच्यात २००० नंतर उभ्या राहिलेल्या उंच इमारतीही आल्या आहेत. अंतराळयान गेलं तेव्हा तिथे बरीचशी मोकळी जमीन होती. वाढत्या शहराची मूळ जमीन हवी असेल, तर तेवढ्या भागापुरतं जुनं माप जास्त खरं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपर्निकसच्या माहितीतून झाडं आणि इमारती गणिताने वजा करून ‘फॅबडेम’ नावाची आवृत्तीही काढली आहे. ती पूर समजून घेण्यासाठी केलेली होती. खेळणाऱ्यांनाही आयतीच उपयोगी पडते.

पाणी कुठे अडतं

आतापर्यंतच्या चुका डोळ्यांना खटकतात. पाण्याच्या चुका शहर चालू देत नाहीत, कारण या खेळात पाणी खरोखर वाहतं. नकाशावर झरा ठेवला की पाणी उताराने निघतं, खड्डा भरतं, मग काठावरून पुढे सरकतं. मुठेच्या वरच्या अंगाला झरा ठेवून पाहा. नदी काही अंतर जाते, थांबते, तळं करते, शेतांत शिरते.

कारण असं, की अंतराळयानाच्या माहितीवर शेवटचा हात फिरवताना १८३ मीटरहून रुंद नद्यांचा उतार नीट करून घेतला होता. त्यांची पातळी खालच्या बाजूला कमीच होत जाईल याची काळजी घेतली होती. शहरातली मुठा एवढी रुंद नाही. तिच्या पात्रात तीन-चार ठिपके पडतात आणि त्यांतला एखादा काठाच्या झाडावर, एखादा पुलावर. पूल तर वरून पाहिल्यावर नदीत आडवा घातलेला बांधच ठरतो, कारण त्याच्या खालून पाणी जातं हे रडारला कळत नाही. लकडी पूल, भिडे पूल, म्हात्रे पूल : प्रत्येकापाशी पाणी अडण्याची शक्यता.

धरणाच्या जलाशयाचं दुखणं वेगळं. सहाशे मीटरहून लांब असलेले जलाशय या माहितीत मुद्दाम सपाट केलेले आहेत. खडकवासल्याचं पाणी जिथवर होतं, तिथवर एक गुळगुळीत पातळी आणि तिच्या खालचं खोरं मोजलेलंच नाही. खेळात ती पातळी जमीन म्हणून येते आणि धरणामागे पाणी साठवायला जागाच उरत नाही. समुद्राचंही तेच : सगळीकडे शून्य. रत्नागिरी किंवा मालवण करायला निघालेल्याला बंदराची खोली वेगळी शोधावी लागते आणि जगभराची खुली सागरतळ-माहिती सुमारे साडेचारशे मीटरच्या जाळीची, म्हणजे खाडीसाठी फारच ढोबळ आहे.

म्हणून शेवटी पात्र हाताने कोरावं लागतं. वरून खाली येत, प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा थोडा खालीच राहील असं पाहत, पुलांचे बांध फोडत. या कामात मला खेळाचा सगळ्यात सुंदर भाग दिसतो. ‘सिमसिटी’चा कर्ता विल राइट याला आधीच्या बॉम्बफेकीच्या खेळासाठी बेटं रचताना बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटं रचण्यातच जास्त आनंद मिळाला आणि त्यातून १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ आला. जमीन घडवण्याची ओढ या खेळांच्या मुळाशीच आहे. आणि नदी कोरताना माणसाला आपल्या गावाचा उतार बोटांनी कळतो : कोणता ओढा कोणत्या पेठेतून येतो, कुठे पूर्वी नाला होता, पावसाळ्यात तोच रस्ता का तुंबतो.

पूररेषा आखणाऱ्या अभियंत्यांनाही हेच काम करावं लागतं. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा काढण्याआधी त्यांनाही खोटे खड्डे भरावे लागतात आणि पुलांखालचं पात्र मोकळं करावं लागतं. फक्त ते नदीची आडवी मापं प्रत्यक्ष घेतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं आणि पुण्याने जे पाहिलं ते आजही घराघरांत सांगितलं जातं. खेळात ते धरण फोडून पाहण्याचा मोह होतो आणि पाणी कुठून शिरेल याची ढोबळ दिशा त्यातून कळतेही. पण अंतराळयानाच्या उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक चालेल असं मोहिमेतच ठरलेलं होतं. प्रत्यक्षातली चूक बहुतेक ठिकाणी त्याहून कमी निघाली, तरी ती मीटरांत आहे. पुराचं पाणी घरात शिरतं की नाही हे एका-दोन मीटरवर ठरतं. खेळातल्या पुरावरून आपली सोसायटी सुरक्षित आहे असं कुणी मानू नये.

पहिला चौकोन कोणता?

सुरुवात करणाऱ्याने पन्हाळा सोडून फक्त कोल्हापूर घेऊ नये. पंचगंगेकाठच्या सपाटीत उंचीचे फरक इतके थोडे आहेत, की मापातली चूक आणि खरा चढ वेगळे काढता येत नाहीत. महाबळेश्वरही पहिल्या खेपेला नको : वर साडेतेराशे-चौदाशे मीटरचा माथा आणि आर्थर सीटखाली सावित्रीचं खोरं दोनशे मीटरच्या घरात. हा फरक पहिल्या खेळाच्या १,०२४ मीटरमध्ये मावत नाही. सगळ्या उंच्या दाबून बसवाव्या लागतात आणि घाटाचा धसका निघून जातो.

वाई घ्यावी. सुमारे सातशे मीटरवर कृष्णेकाठचं गाव, चौकोनातच धोमचं धरण, उत्तरेला पावणेतेराशे मीटरच्या आसपासचा पांडवगड, नैर्ऋत्येला पाचगणीचं टेबललँड. सगळ्यांतून साडेसहाशे वजा केले की वर भरपूर जागा उरते. थरांच्या माच्या स्पष्ट दिसतात, त्यामुळे खऱ्या-खोट्या पायऱ्या ओळखण्याचा सराव होतो. टेबललँड सपाट आहे हे ठाऊक असल्याने आठ बिटची चूक तिथे लगेच उघडी पडते. जलाशयाचा तळ कोरण्याचं काम धोमला करता येतं आणि धरणाखालची कृष्णा कोरून झाल्यावर झरा कुठे ठेवायचा, हे शोधावं लागत नाही.